जेथे उतरले, तेथेच का राहिले?

कल्याण स्थानकात पहाटेच्या सुमारास एकामागून एक लांब पल्ल्याच्या गाड्या येऊन थांबतात. कसाऱ्याच्या बाजूने उत्तर हिंदुस्थान, खानदेश आणि विदर्भ येतो. कर्जतच्या बाजूने पुणे, सोलापूर आणि त्याही पलीकडचा तेलंगण व कर्नाटक. फलाटावर पत्र्याच्या ट्रंका, गोणपाटात बांधलेली भांडी आणि झोपेतून अर्धवट जागी झालेली मुले उतरतात. यांतील काहींच्या तिकिटावर मुंबईचे नाव असते, तरी ते मुंबईस जात नाहीत. कोणी भिवंडीची वाट धरतो, कोणी उल्हासनगरची, कोणी शिळफाट्याची. आणि महिन्याभरात स्थानकापासून तासाभराच्या अंतरावर कोठेतरी त्यांचा संसार, निदान वळकटी तरी, पडलेली असते. ‘एवढा मोठा देश पडला असताना हे लोक येथेच का गर्दी करतात? आणखी पुढे का जात नाहीत?’ हा प्रश्न डोंबिवलीच्या गाडीत चौथ्या सीटसाठी धडपडणारा कारकून विचारतो, तसाच तो नगरपालिकांच्या सभागृहांतही विचारला जातो. प्रश्न त्रासातून उद्भवलेला आहे. तेव्हा तो तुच्छतेने झटकून टाकण्याचे कारण नाही. परंतु त्याचे जे उत्तर बहुधा गृहीत धरले जाते, म्हणजे आळस, अज्ञान आणि घोळक्याने राहण्याची खोड, ते चुकीचे आहे. आणि या चुकीच्या निदानावर आजवर जी औषधे देण्यात आली, त्यांनी रोग हटलेला नाही.

हा प्रश्न कल्याणचा एकट्याचा नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत तो अगदी याच शब्दांत विचारला जात होता. युरोपातून येणारी जहाजे न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया या बंदरांना लागत. न्यूयॉर्कला आगंतुकांची नोंद १८५५ पासून कॅसल गार्डन येथे आणि १८९२ पासून एलिस बेटावर होत असे. एकट्या एलिस बेटावरून, ते १९५४ मध्ये बंद होईपर्यंत, सुमारे एक कोटी वीस लाख माणसे गेली. पश्चिमेकडे अफाट जमीन मोकळी पडली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तर १६० एकरांचा तुकडा नाममात्र शुल्कात देऊ केला होता. तरीही आयर्लंडचे शेतकरी बोस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या कोंदट घरांत राहिले, आणि रशियाच्या साम्राज्यातून आलेले ज्यू शिंपी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरील लोअर ईस्ट साइडमध्ये शिलाईयंत्रावर वाकून बसले. जमीन फुकट मिळत असता माणूस गल्लीत का राहतो, याचे तेव्हाच्या अमेरिकी सुखवस्तू नागरिकाला आश्चर्य वाटे.

वास्तविक आश्चर्य वाटण्याजोगे त्यात काही नव्हते. जमीन फुकट होती, पण शेती फुकट नव्हती. बंदरापासून त्या जमिनीपर्यंत जाण्याचे रेल्वेभाडे, नांगर, बैल, बियाणे, डोक्यावर छप्पर आणि पहिले पीक हाती येईपर्यंत एक वर्षाचे धान्य, इतके भांडवल ज्याच्यापाशी होते तो पुढे गेला. अनेक जर्मन आणि नॉर्वेजियन कुटुंबे घरचे शेत-सामान विकून आली होती. ती बंदरात फार न रेंगाळता मिल्वॉकी, सेंट लुई, मिनेसोटाकडे निघून गेली. १८४५ नंतर बटाट्याच्या दुष्काळातून निसटलेल्या आयरिश माणसाचे सारे भांडवल जहाजाच्या तिकिटातच संपले होते. त्याच्याकडे विकण्यास उरले होते ते फक्त श्रम. आणि श्रम हा असा माल आहे की तो साठवून ठेवता येत नाही. आज न विकला गेलेला दिवस उद्या विकता येत नाही. असा माल घेऊन आलेला विक्रेता सर्वांत जवळच्या बाजारात थांबणार हे उघड आहे, आणि हमाली, बांधकाम, घरकाम यांचा सर्वांत जवळचा बाजार म्हणजे बंदर. शेतकरी असूनही तो शहरी झाला, तो शेतीचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

अमेरिकेचा हा दाखला ठाण्याच्या वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. कल्याण आणि ठाणे ही मुळात बंदरेच आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या वर्णनात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो, आणि शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आरंभही कल्याणच्या खाडीशी निगडित आहे. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदराचे महत्त्व गेले. पण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ठाण्यास आली, १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोहोचले, आणि १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट फोडून झाल्यावर सारा दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान कल्याणच्या फाट्यावर येऊन मिळाला. समुद्राऐवजी रूळ आले. बंदर मात्र पुन्हा बंदर झाले.

गावाची खोली

मराठी माणसाला धक्क्यावरचे हे अर्थशास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. तो स्वतःच त्या वाटेने गेलेला आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली, आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांना लागणारी माणसे ज्या जिल्ह्याने सर्वांत अधिक पुरवली तो रत्नागिरी जिल्हा. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता. कोकणातून मुंबईस येण्याची वाट पाण्याची होती. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत आगबोट येई आणि चाकरमानी मुंबईच्या धक्क्यावर उतरे. भाऊ रसूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेल्या धक्क्याला ‘भाऊचा धक्का’ हे नाव चिकटले ते कायमचे. या वाटेची किंमतही कोकणाने मोजलेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली.

धक्क्यावर उतरलेला तरुण पहिल्या रात्री कोठे जाई? तो जाई गावाच्या खोलीवर. परळ, लालबाग, माझगाव येथील चाळींतून एकेका गावाने खोल्या भाड्याने घेतलेल्या असत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, कारण गिरणीही पाळीपाळीने चाले. गोव्याच्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे धोबीतलाव-माझगाव भागातील ‘कूड’ ही याच पद्धतीची संस्था. गावाच्या नावाने चालणारी, नाममात्र वर्गणीवर खाट आणि ट्रंक ठेवण्यापुरती जागा देणारी. गिरणीत भरती करणारा मुकादम बहुधा ओळखीचा, पुष्कळदा त्याच तालुक्यातला. जेवण खानावळीत, आणि तेही उधारीवर. पगाराच्या दिवशी हिशेब. या खानावळी चालवणाऱ्या गिरणगावातील बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, यावरून उधारीची ही साखळी किती लांब होती याची कल्पना येते.

ही उधारीच या विषयाची किल्ली आहे. परक्या मुलखात आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात तीन गोष्टी लागतात: झोपण्यास जागा, पगार होईपर्यंत जेवण, आणि काम कोठे आहे याची खबर. बाजारात या तिन्ही गोष्टी रोखीने मिळतात, आणि रोख तर त्याच्यापाशी नसते. त्या विश्वासावर मिळू शकतात. पण तुमच्या गावाचे नाव, तुमच्या बापाचे नाव ज्याला ठाऊक आहे तोच विश्वास ठेवतो, आणि असा माणूस आधी उतरलेल्यांच्या वस्तीतच सापडतो. म्हणून पहिला जेथे राहिला तेथे दुसरा राहतो, आणि दुसऱ्यामुळे तिसऱ्याचा खर्च आणखी कमी होतो. बाहेरून पाहणाऱ्याला जो घोळका दिसतो, तो आतल्या माणसाच्या दृष्टीने एक पतपेढी, एक नोकरी विनिमय केंद्र आणि एक धर्मशाळा असते. लोअर ईस्ट साइडमध्ये हेच होते, डोंगरीत हेच होते, आणि आज भिवंडीच्या यंत्रमागांभोवती, जेथे तेलंगणातील पद्मशाली आणि पूर्व उत्तर प्रदेशातील अन्सारी विणकर शेजारी शेजारी राहतात, तेथेही हेच आहे.

परतीची वाट

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दार जसे आत येण्यासाठी असते, तसे बाहेर जाण्यासाठीही असते. गिरणीकामगाराची बायको गावी असे. गणपतीला आणि शिमग्याला, आणि जमल्यास भातलावणीला, तो घरी जाई; आजारी पडला, संप झाला, खाडा झाला तर गावी जाई. मनिऑर्डर एका बाजूने जाई आणि तांदूळ, कुळीथ दुसऱ्या बाजूने येई. एक पाय गावात असलेला माणूस धक्क्यापासून फार लांब राहू शकत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांपैकी असंख्य जण याच वाटेने गावाकडे गेले. गाव हा त्यांचा बेकारभत्ता होता, भविष्यनिर्वाह निधी होता. शासनाने दिलेला नव्हे, घरच्यांनी दिलेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा गाड्या बंद असूनही ठाणे-नाशिक महामार्गावरून माणसे चालत निघाली, आणि मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली तेव्हा तीत जागा मिळणे हेच अनेकांना भाग्य वाटले. ज्याला दोनदा तरी असे परतावे लागले आहे, तो तिसऱ्या खेपेस स्थानकाच्या आणखी जवळ खोली पाहील. त्याला अडाणी कोण म्हणेल?

येथे कोणी उल्हासनगरचे उदाहरण पुढे करील. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना परतीची वाट नव्हती, मग तेही कल्याणलाच का राहिले? त्यांचे येणे अर्थातच निराळ्या प्रकारचे होते. कराचीहून जहाजाने मुंबई बंदरात उतरलेल्या या माणसांना शासनाने कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आणून ठेवले. बराकी तयार होत्या आणि रूळ जवळ होता, हे त्याचे कारण. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या शहराची कोनशिला बसवण्यात आली. म्हणजे धक्क्याजवळ राहण्याचा पहिला निर्णय त्यांचा नव्हता. पण पुढे राहण्याचा होता. व्यापारी पेशाच्या या समाजाला मुंबईचा घाऊक बाजार तास-दीड तासाच्या अंतरावर मिळाला, पत देणारे ओळखीचे लोक एका छावणीतून दुसऱ्या छावणीत पायी जाण्याच्या अंतरावर मिळाले, आणि बराकीच्या पडवीतच पापड, मिठाई, कापड यांचे कारखाने निघाले. कॅम्पचे आकडे आजही पत्त्यात लिहिले जातात. आणून ठेवलेली माणसे आणि आपण होऊन आलेली माणसे यांची सुरुवात वेगळी असली, तरी त्यांना धरून ठेवणारे बळ एकच, असे यावरून दिसते.

डोंबिवलीचा इतिहास याहून वेगळा, आणि काहीसा उलटा आहे. येथील पहिल्या मोठ्या पिढीतील पुष्कळ कुटुंबे दूरच्या गावाहून थेट आली नाहीत. ती गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जो आधी आत होता त्याचे कल्याण झाले. जो नंतर आला, किंवा ज्याचा मुलगा लग्नाचा झाला, त्याच्यापुढे पागडीची भिंत उभी राहिली. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा धंदाच उरला नाही. तेव्हा कारकून आणि शिक्षक यांनी सोसायटीचे कर्ज काढून आणि बायकोचे दागिने मोडून डोंबिवलीला ओनरशिपचा ब्लॉक घेतला, आणि उरलेले आयुष्य मासिक पासावर काढले. ई. जी. रॅव्हनस्टाइन या भूगोलज्ञाने १८८५ मध्ये स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांत बहुतेक माणसे थोड्या अंतराने, पायरीपायरीने सरकतात, असे म्हटले आहे. गाव, धक्का, चाळ, डोंबिवली: या चार पायऱ्या चढण्यास कित्येक घराण्यांना तीन पिढ्या लागल्या. तिसऱ्या पिढीने पहिल्या पायरीवरील माणसाकडे पाहून नाक मुरडावे, हे मनुष्यस्वभावाला धरून असेल. आजोबांच्या स्मृतीला धरून नाही.

दिव्याचा धक्का

कोकणाचा धक्काच मुळी आता हलला आहे. आगबोटी बंद झाल्या, एस. टी. आली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. या गाड्या ठाण्याहून दिव्यावरून पनवेलकडे वळतात. सावंतवाडीची गाडी दिव्याहून सुटते. भाऊच्या धक्क्याचे जे काम होते ते दिवा जंक्शनकडे आले, आणि पाहता पाहता दिव्याच्या खाजणांत आणि भातखाचरांत चाळी उठल्या. त्यांत राहणाऱ्यांत कोकणातले लोक मोठ्या संख्येने आहेत. परळ-लालबागची खोली विकून किंवा गमावून आलेले आहेत, तसेच गावाहून नव्याने आलेलेही. गणपतीच्या आठवड्यात दिव्याच्या फलाटावर जी रांग लागते, ती पाहणाऱ्याला ‘हे लोक येथेच का राहिले’ हे विचारण्याची गरज उरत नाही.

पण याच दिव्यात या वसाहतींची दुसरी बाजूही उघडी पडते. दाराजवळची जागा सर्वांनाच हवी असल्याने तिची किंमत चढते, आणि कायदेशीर मार्गाने ती परवडेनाशी झाली की बेकायदा मार्ग खुला होतो. सातबाऱ्यावर एकाचे नाव, बांधणारा दुसरा, भाडे घेणारा तिसरा. पाण्याची जोडणी कोणाच्या तरी मेहेरबानीने. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळ येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. त्यांत त्या इमारतीतच तात्पुरते राहणारे मजूर आणि त्यांची मुले होती. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर, भरलेल्या दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना, पायरीवर लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि काही जण प्राणास मुकले. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्येच सुरू झाली होती, तरी हे घडले. दाराजवळ माणसे राहणार हे दीडशे वर्षांपासून ठाऊक असताना, दाराजवळ राहण्याची सोय मात्र कोणी केली नाही, याचा हा परिणाम आहे.

शासनाचा आजवरचा रोख माणसे पांगवण्याकडे किंवा त्यांना मालकीचे घर देण्याकडे राहिला आहे. दोन्ही गोष्टी नव्याने उतरलेल्या माणसाच्या कामाच्या नाहीत. त्याला दहा वर्षांचे हप्ते नकोत; त्याला आज रात्रीची खाट हवी आहे, आणि सहा महिन्यांनी ती सोडून जाण्याची मुभाही. हे सत्य शासनाला अजिबात उमगले नाही असे नाही. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आखली आणि त्यासाठी बांधकाम व्यावसायिकांना वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. पुढे काही वर्षांतच भाड्याचा विचार मागे पडला, योजनेला परवडणाऱ्या घरांच्या विक्रीचे रूप आले, आणि ठाण्यात तयार झालेल्या घरांपैकी कित्येक प्रकल्पग्रस्तांसाठी व धोकादायक इमारतींतील रहिवाशांसाठी वापरली गेली. त्यांचीही गरज खरीच होती. पण ज्याच्यासाठी योजना काढली तो स्थलांतरित तिच्यातून नाहीसा झाला. टाळेबंदीतील दृश्यांनी हादरलेल्या केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांना मंजुरी दिली. कल्याणच्या फलाटावर आज उतरणाऱ्या माणसाला त्या योजनेचा पत्ता कोणी सांगत नाही.

२०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या आकडेवारीवरून असा अंदाज केला होता की २०११ ते २०१६ या काळात दर वर्षी सुमारे ९० लाख माणसे कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत, पालघर वेगळा होण्यापूर्वी, १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. हा प्रवाह कोणत्याही ठरावाने थांबणारा नाही, आणि मराठी-अमराठी असा भेद करून त्याची दिशाही बदलणार नाही; दिव्याचा चाकरमानी आणि कल्याणचा गोरखपुरी एकाच कारणाने रुळांना चिकटून आहेत.

स्थानकांच्या पुनर्विकासाचे आराखडे निघतात, तेव्हा त्यांत वाहनतळ, सरकते जिने, दुकानांचे गाळे आणि कार्यालयांचे मजले असतात. रेल्वेची, राज्याची आणि महापालिकांची रुळांलगतची जमीन अजून पुरती संपलेली नाही. तिच्यावर एक-दोन मजले खाटांच्या हिशेबाने, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्याने, पोलीस दाखल्यापेक्षा जास्त कागद न मागता चालवणे हे काही अपूर्व धाडस नव्हे. परळच्या चाळीत प्रत्येक गावाने ते आपल्या वर्गणीतून केले होते. ज्या ग्रामस्थ मंडळांकडे अजून अशा खोल्या आहेत, त्यांचे जुने जमाखर्चाचे वहीखाते महापालिकेच्या नगररचना विभागाने मागवून पाहिले, तर खाटेचा दर काय ठेवावा, थकबाकी कशी वसूल करावी आणि पाळीची झोप कशी वाटून द्यावी, हे सारे त्याला तेथे लिहून ठेवलेले मिळेल.